गहाण पडलेला चषक

कोणतीही हकीकत कानी आली की तिच्यातील देणेघेणे आधी पाहावे, ही आमच्या वकिली धंद्याची खोड आहे. इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम परगण्यात वेस्ट ऑकलंड नावाचे, एके काळी खाणकामगारांचे असलेले, खेडे आहे. तेथील हौशी फुटबॉल संघाने १९०९ साली इटलीत तुरीनला जाऊन परदेशी संघांना हरविले व चषक जिंकून आणला, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमचे लक्ष त्या विजयावर खिळले नाही. ते खिळले पुढच्या एका ओळीवर. तो चषक पुढे चाळीस पौंडांस गहाण पडला होता.

चषक दिला होता सर थॉमस लिप्टन यांनी. ग्लासगोच्या गरीब घरातून निघून किराणा दुकानांच्या बळावर वर आलेला आणि सिलोनच्या मळ्यांतील चहा स्वस्तात घरोघर पोचविणारा हा गृहस्थ. स्वतः तो शिडांच्या नौकांच्या शर्यतीत ‘अमेरिका चषका’साठी १८९९ पासून १९३० पर्यंत पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा हरला. ज्याने इतरांना चषक वाटले त्याच्या पदरी ही निराशा! इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने तुरीनला आपला संघ धाडला नाही, आणि मान मिळाला या खेड्याला. का मिळाला, याची एक आख्यायिका आहे. ‘डब्ल्यू. ए.’ म्हणजे वुलिच आर्सेनल हा बडा संघ बोलवायचा होता, पण आद्याक्षरांच्या घोटाळ्यात पत्र वेस्ट ऑकलंडला गेले म्हणतात. न्यायालयात ही ऐकीव साक्ष टिकावयाची नाही; परंतु एखाद्या गावाचे स्थलपुराण उलटतपासणीस घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

खेळाडू बहुतेक खाणीत राबणारे. हौशी म्हणजे खेळाचे वेतन नाही, आणि जितके दिवस खाणीत उतरावयाचे नाही तितक्या दिवसांच्या मजुरीवर पाणी. तशा स्थितीत त्यांनी स्टुटगार्टच्या संघाला २-० असे हरविले व १२ एप्रिल १९०९ रोजी अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला तितक्याच फरकाने. १९११ साली ते पुन्हा गेले. झूरिकला २-० आणि १७ एप्रिलला खुद्द तुरीनच्या युव्हेंतुस संघाला ६-१! त्याच वर्षी २९ जुलैला मोहन बागानच्या खेळाडूंनी कलकत्त्यात गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. लागोपाठ दोनदा जिंकल्यामुळे लिप्टन चषक कायमचा वेस्ट ऑकलंडचा झाला.

आणि त्याबरोबर प्रवासाचे कर्जही. ‘व्हीटशीफ’, म्हणजे गव्हाची पेंढी, नावाचे गावात एक पथिकगृह होते. तेथील मालकिणीने चाळीस पौंड दिले आणि चषक तारण म्हणून ठेवून घेतला. तो तब्बल एकोणपन्नास वर्षे गावाच्या हाती नव्हता. १९६० साली गावाने वर्गणी जमविली व शंभर पौंड देऊन तो सोडविला. आम्ही लगेच कागद पेन्सिल घेतली. शेकडा पाच दराने सरळ व्याज अठ्ठ्याण्णव पौंड, मुद्दल धरून एकशे अडतीस. म्हणजे बाईंनी अडतीस पौंड सोडले. पण आपल्याकडील दामदुपटीचा नियम लावला तर ऐंशीच्या वर एक पैसाही देणे लागत नाही! कोणत्या बाजूने वकीलपत्र घ्यावे, हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही.

हा हिशेब मांडून आम्ही हसलो खरे; पण ते हसू टिकले नाही, त्याला कारण आहे.

वीस वर्षांपूर्वी आम्ही एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करीत होतो. जवळच्या एका गावच्या देवस्थानाचा सभामंडप पावसात खचला. दुरुस्तीसाठी पंचांनी देवाच्या पालखीचे चांदीचे पत्रे एका सराफाकडे गहाण ठेवावयाचे ठरविले. कागद आम्ही लिहिला. अक्षर सुरेख, कलमे चोख. मुदत एक वर्षाची. पाच पंचांनी सह्या केल्या. कोपऱ्यात बसलेल्या वृद्ध पुजाऱ्यांनी विचारले, “वकीलसाहेब, देवाची सही कुठे?” सारे हसले. आम्हीही हसलो, वास्तविक आम्ही हसावयास नको होते. देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या मालमत्तेचा विचार तिच्या हिताने करावयास हवा, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच सांगून ठेविले होते आणि परीक्षेत त्यावर आम्ही बरे गुण मिळविले होते. इंग्लंडातील त्या हौशी मंडळाला तशी व्यक्तिता नसते. तेथे माल सभासदांचा. आपल्याकडे पंच हे केवळ सांभाळणारे. पुजाऱ्यांनी आमचाच धडा आम्हांला विचारला होता.

वर्ष संपले. सराफाची रीतसर नोटीस आली. विकण्याच्या क्षणापर्यंत गहाण सोडविता येते, हे आम्ही पंचांना सांगितले. पण पैसे आधी कोणी काढावयाचे यावर पंचांचे जमेना. पत्रे वितळले. पुढे वर्गणीतून नवे घडविले, ते वजनाने अधिकच भरले.

वेस्ट ऑकलंडचे म्हणाल, तर चषक सोडविल्यानंतरच्याच वर्षी, १९६१ साली, त्यांचा संघ हौशी चषकाच्या अंतिम सामन्यासाठी वेम्ब्लीला पोचला व वॉल्थॅमस्टो ॲव्हेन्यूकडून २-१ असा हरला. गावच्या कामगार मंडळात ठेवलेला लिप्टन चषक जानेवारी १९९४ मध्ये चोरीस गेला. मग त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घेतली, आणि गाव तीच पाहुण्यांना अभिमानाने दाखविते.

आमच्या त्या गावी कार्तिकात पालखी निघते. नवी चांदी दिव्यांत लखलखते. लोक हात जोडतात, आम्हीही जोडतो. ते पुजारी आता नाहीत. त्यांचा मुलगा पालखीपुढे चालतो. त्या कागदाची नक्कल आमच्या कपाटात आहे. त्यावर सह्या पाचच आहेत.