मुरायला वेळ लागतो

अनारसे दिवाळीचे, पण आमच्या घरी ते नाताळात होतात. आम्ही नगरचे ख्रिस्ती. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, तरी आमच्या तोंडी अजून नगरच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये इथे येऊन राहिले आणि पुढे केव्हातरी आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला. देव्हारा गेला, पण करंजी, चकली, शंकरपाळी काही गेली नाहीत. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट येते. ताट रिकामे परत करू नये, म्हणून ते दीड-दोन महिने आमच्या फडताळात मुक्कामाला असते आणि नाताळात आमचा फराळ घेऊन आपल्या घरी जाते.

त्या ताटातला मानाचा जिन्नस म्हणजे अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत फडक्यावर कोरडे करून कुटायचे, गूळ घालून गोळा बांधायचा आणि डब्यात मुरत ठेवायचा. इथे घाई केली की फसलेच. कच्चे पीठ तुपात सोडले, की अनारसा फुटतो, विरघळतो. बायका म्हणतात, "अनारसा हसला गं!" हसतो तो आपल्यालाच.

माझी आजी बायबलबाई होती. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात शुभवर्तमानाच्या लहान लहान पोथ्या, आणि पायी फिरायची गावे. मी पाहिली ती म्हातारपणची. पांढरे पातळ, हळू बोलणे. तिने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. घरात पोरांनी कितीही धुडगूस घातला तरी ती काही न बोलता उठायची, माठाकडे जायची आणि फुलपात्रभर पाणी प्यायची. आजीला तहान फार लागते, असे आम्ही समजत असू. माझ्या मनात तिची गणना संतांत होती. काही माणसे जन्मतःच तशी असतात, असे मी धरून चालले होते.

मी मात्र तशी नव्हे. दहावीपर्यंत शिकलेली बालवाडीची बाई मी. रात्री कादंबऱ्या लिहिते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. दर नव्या वर्षाच्या उपासनेत मी निश्चय करून उठते आणि संक्रांतीच्या आत तो मोडलेला असतो. वीस वर्षे शब्बाथशाळेत मुलांना क्षमेचे धडे शिकवते आहे, हे सांगायचीही आता लाज वाटते.

मागल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत वर्गात लिहीत बसले होते. कोणीतरी हाक मारली म्हणून उठले. परत येऊन पाहते तो टेबलावरची चार पाने नाहीत. दाराबाहेर पागोळ्यांच्या पाण्यात चार होड्या तरंगत होत्या, आणि त्यांच्यापाशी उकिडवा बसलेला लहान गटातला एक मुलगा माझ्याकडे पाहून हसत होता. महिन्याभराची मेहनत होती ती. मी काही विचार केला नाही. फाडकन त्याच्या गालावर मारली.

तो रडला नाही. नुसता बघत राहिला. त्या गालावर माझी बोटे उमटलेली दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले आणि त्याचा हात आपोआप गालावर गेला. तिसऱ्या दिवशीही. मी जवळून गेले की तो गाल झाकून घ्यायचा. त्याच्या आईला गाठून मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "त्यात काय बाई! तुम्ही नाही मारणार तर वळण कोण लावणार?" तिने रागावून चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते. भाकरीचे ताट रांगेतून माझ्यापर्यंत आले. मी ते तसेच पुढे सरकवले. प्यालाही घेतला नाही. शेजारी आत्या बसली होती. ऐंशी वर्षांची आहे, पण डोळे तल्लख. मंदिरात ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र पदर खोचून समोर बसली.

"काय झालं गं?"

मी सगळे सांगितले. वर म्हटले, "आत्या, मी आता शब्बाथशाळा सोडते. आपल्या आजीच्या घराण्यात मी कशी निपजले, कोण जाणे!"

आत्या हसली. चष्मा काढून माझा हात तिने आपल्या डाव्या भुवईवर नेला. तिथे एक लहानसा खळगा आहे. मला तो जन्मापासून ठाऊक आहे.

"हा तुझ्या आजीचा प्रसाद," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. पीठ मुरायच्या आधीच चोरून काढलं आणि तुपात सोडलं. कढईभर चुरा! आईनं आलं ते पाहिलं आणि हातातलं उलथनं फेकून मारलं. डोळा थोडक्यात वाचला."

मला खरेच वाटेना. "आजीनं?"

"अगं, तिचा राग सगळ्या आळीला माहीत होता. बायबलबाई होती तेव्हाही. पिशवीत शुभवर्तमान आणि जिभेवर विळा."

"मग त्यानंतर कधी रागावली नाही?"

"रागावली तर! पण उलथनं खाली ठेवून रागवायची. मग पुढं पुढं राग आला की उठून पाणी प्यायला जायला लागली. आणि दर नाताळला पहिला अनारसा माझ्या हातावर ठेवायची."

पुढचे तिने सांगायची गरज नव्हती. पहिला अनारसा आत्याच्या हातावर ठेवून आजी तिच्या भुवईवरून अंगठा फिरवी, हे मी लहानपणी किती वेळा पाहिले होते. थोरल्या लेकीला आशीर्वाद देते आहे, असे मला वाटे. ती माफी मागत होती. चाळीस वर्षे, दर नाताळला.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण जीव हलका झाला होता. आजी संतपदावरून खाली उतरली आणि पहिल्यांदाच माझ्या हाताला लागली. तिच्या पावित्र्याला इतिहास होता. ज्याला इतिहास असतो ते दुसऱ्याच्या बाबतीतही घडू शकते.

मराठीत पावित्र्य म्हटले की आधी सोवळे आठवते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांचे कडक सोवळे वर्णिले आहे. बाजारचा जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातली ही मुलगी. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे रडण्यात, भांडण्यात आणि मनातले सोवळे एकेक पदराने सोडवण्यात गेली, आणि त्यांनी ती लपवली नाहीत. पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षे लागली, असे त्यांनीच आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहून ठेवले. पुढे दौंडजवळच्या केडगावात त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणायचे काम अंगावर घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षांमागून वर्षे गेली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी हातातले काम सुटले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी डोळे मिटले ते भाषांतर पुरे करूनच. छापलेला ग्रंथ त्यानंतर लोकांच्या हाती आला.

आशा म्हणतात ती हीच असावी. एरवी आपण 'बघू, होईल काहीतरी' यालाच आशा म्हणतो. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिले, तेव्हा त्याचा भरवसा त्या लोकांच्या चांगुलपणावर नव्हता; त्यांच्यात काम सुरू करणाऱ्यावर होता. आणि योहानाच्या पहिल्या पत्राचे म्हणणे असे, की ज्याला आपल्या प्रभूला भेटायची आशा आहे तो त्या आशेपोटीच स्वतःला स्वच्छ करू लागतो. पाहुणा येणार म्हणून घर सारवावे, तसे. घर सारवले म्हणून पाहुणा येत नाही. इतकी साधी गोष्ट मला वीस वर्षे उलटी कळली होती.

शब्बाथशाळा मी सोडली नाही. पुढच्या महिन्यात प्रभुभोजन घेतले. राग अजून येतो. बालवाडीत कोपऱ्यात माठ आहे. मुले म्हणतात, बाईंना तहान फार लागते.

मागल्या नाताळात पहिला अनारसा डब्यात घालून शाळेत नेला आणि त्या मुलाच्या तळहातावर ठेवला. एका हाताने तो खात होता. दुसरा हात गालावर होता. मी म्हटले, "मी तुला मारलं ते चुकलं माझं." त्याने मान डोलावली आणि खसखस चाटत राहिला. गालावरचा हात काही खाली आला नाही.

यंदा तो मोठ्या गटात आहे. परवा फळा पुसायला मी हात वर केला. त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला आणि नाक खाजवून खाली आला.

अर्ध्यावर. मला तेवढेही पुष्कळ वाटले.

आता दिवाळी आली. काकूंचे ताट येईल, फडताळात बसेल. ते परत पाठवायचे आहे, म्हणजे तांदूळ वेळेवर भिजत घातले पाहिजेत. डबा मी सारखा उघडून पाहणार नाही. पीठ आपल्या वेळेने मुरेल.