विमान झटके का खाते?

कृष्णाकाठच्या आपल्या घरांतून विमान दिसते ते फार उंचावर, पांढऱ्या रेघेसारखे. कराडची धावपट्टी १९५५ साली कोयनेच्या कामासाठी झाली, पुढे तिथे विमान चालवण्याचे शिक्षणही दिले गेले. पण आपल्या वस्तीतले कुणी तिथे शिकल्याचे मी तरी ऐकलेले नाही. म्हणून सांगलीचा माझा भाचा जुन्या संगणकावर ‘फ्लाइटगिअर’ नावाचा विमानाचा खेळ खेळू लागला, तेव्हा मला बरेच वाटले. हा खेळ फुकट मिळतो. त्यात कोल्हापूरच्या विमानतळावरून उडता येते आणि नदी धरून सांगलीवर येता येते.

मागच्या महिन्यात मी साताऱ्याहून बहिणीकडे गेलो तर घरात वाद. भाच्याचे म्हणणे, “मामा, विमान वळवलं की झटकं खातंय बघा. नवा मॉनिटर पायजे.” दुकानदाराने त्याला सांगितले होते की १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या, सगळे लोण्यासारखे चालेल. आक्का बचत गटातून दहा हजार उचलायला तयार झाली होती. तिचा हप्ता कसा फिटतो हे मला ठाऊक आहे. मी म्हणालो, “आक्का, पैसे उचलू नकोस. आधी रोग कुठे आहे ते बघू.”

वाचक बंधू-भगिनींनो, हलणारे चित्र मुळात हलत नसते. पुसेगाव, पाली, म्हसवडच्या यात्रांत तंबूतला सिनेमा आपल्यापैकी पुष्कळांनी मातीत बसून पाहिला आहे. त्या फितीवर सेकंदाला २४ स्थिर चित्रे असत. नुसती २४ दाखवली तर पडदा लुकलुकतो, म्हणून यंत्रातली फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदा उजेडात आणी, म्हणजे ४८ वेळा. संगणकाचेही तसेच दोन वेगळे आकडे आहेत. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती नवी चित्रे काढते हा एक. मॉनिटर सेकंदाला किती वेळा पडदा ताजा करतो, म्हणजे रिफ्रेश रेट, हा दुसरा. लोक या दोघांची गल्लत करतात, आणि दुकानदाराला ती सोयीची असते.

मी कचेरीत लागलो तेव्हाचे जुने, पोटवाले मॉनिटर ६० हर्ट्झवर लुकलुकत आणि संध्याकाळी डोके दुखे. ७५ किंवा ८५ केले की आराम पडे. आताचे चपटे पडदे तसे नाहीत. ते पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे धरून ठेवतात. त्यामुळे आक्काला वाटत होते तसे ६० हर्ट्झमुळे “पोराचं डोळं जाणार” नव्हते. तासन् तास टक लावून बसल्यावर डोळे दुखतात, ती गोष्ट निराळी.

मग आम्ही मोजले. खेळातच सेकंदाला किती चित्रे निघतात ते दाखवण्याची सोय आहे. मोकळ्या आभाळात आकडा ४० च्या आसपास, ढगांत शिरले की २२. मॉनिटर ६० चा.

हे मी भाच्याला एस.टी.च्या भाषेत सांगितले. मॉनिटर म्हणजे ठरल्या वेळी सुटणारी गाडी: सेकंदाला ६० गाड्या, दर १६.७ मिलिसेकंदांनी एक. चित्र म्हणजे उतारू. चित्र गाडी सुटल्यावर पोचले तर त्याला पुढच्या गाडीची वाट बघावी लागते, आणि पडद्यावर जुनेच चित्र आणखी एक फेरी राहते. ६० गाड्या आणि ४० उतारू म्हणजे एक चित्र एक फेरी टिकते, पुढचे दोन फेऱ्या, परत एक, परत दोन. विमान सरळ चालले असेल तर लांबची शेते हळू सरकतात, हे कळत नाही. विमान वळवले, मान फिरवून बाजूला पाहिले, की सगळा देखावा भराभर सरकतो आणि ही लंगडी चाल डोळ्याला टोचते. तोच तो झटका.

१४४ चा मॉनिटर आणला तर गाड्या दर ६.९ मिलिसेकंदांनी सुटतील. उतारूची खोळंबण कमी होईल, चाल थोडी सुधारेल, हे खरे. पण उतारू ४० चे ४० च राहतील आणि ढगांत २२ च. कार्ड जोरदार असेल त्याच्या घरी १४४ शोभतो. कार्डाच्या गतीप्रमाणे स्वतःची गती बदलणारे मॉनिटरही २०१३ नंतर निघाले आहेत. परवडत असेल त्याने ते जरूर घ्यावेत.

आम्ही बिनपैशाचा उपाय केला. झाडे, इमारती आणि ढगांचा तपशील कमी केला, तेव्हा ढगांतही आकडा ३० च्या खाली जाईना. मग चित्रांची संख्या ३० वर बांधून टाकली. आता प्रत्येक चित्र बरोबर दोन फेऱ्या टिकते. चित्रे कमी झाली आणि चाल मात्र सरळ झाली! भाच्याला आधी हे पटेना. ४० पेक्षा ३० बरे कसे, म्हणाला. मग स्वतः विमान वळवून पाहिले आणि गप्प बसला. तोटा एवढाच की दांडा हलवल्यावर विमान किंचित उशिरा ऐकते, उतरताना ते जाणवते. कार्ड बदलल्याशिवाय त्याला इलाज नाही.

ज्यांच्या घरी जास्त हर्ट्झचा मॉनिटर आधीच आहे त्यांनी एक पाहावे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पुष्कळदा ६० वरच पडून असतो. तिथे आकडा हाताने बदलावा लागतो, आणि जुनी केबल असेल तर तीही आडवी येते. बदलल्यावर माउस पडद्यावर जोरात फिरवा. बाणाच्या ठशांमधले अंतर कमी झालेले दिसेल.

आक्काने मला बाजूला घेऊन विचारले, “ह्या खेळानं पोरगं पायलट हुईल का रं?” मी सांगितले, होणार नाही. व्यावसायिक परवान्याला खऱ्या विमानात किमान २०० तास उडावे लागते आणि त्याचा खर्च लाखांत जातो. मात्र दिशा, उंची, वाऱ्याचा हिशेब हे शब्द त्याच्या तोंडात बसले आहेत, आणि बारावीला भौतिकशास्त्र घ्यायचे त्याने आपणहून ठरवले आहे. दहा हजार गटातच आहेत. कार्डाचे दिवाळीत बघू. त्याआधी गणिताच्या शिकवणीची फी भरायची आहे.