एक पांढरी रेघ

आमच्या घरातला दूरदर्शन संच बिघडला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी घरात पाहुणे होते. २०२३ सालचा अधिक श्रावण चालू होता. आत्या आणि काका अधिकाच्या वाणासाठी पुण्याला आमच्याकडे आले होते. अनारसे झाले, पाने मांडायची तयारी चालली होती, संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. एवढ्यात पडद्यावरचे चित्र वरून आणि खालून आवळत गेले आणि मधोमध एक पांढरी शुभ्र आडवी रेघ तेवढी उरली. आवाज मात्र ठणठणीत! निवेदिका त्या रेघेआडून खडकवासल्यातला पाणीसाठा सांगत होती.

दादाने शनिवार पेठेतल्या एका वयस्क मेकॅनिकना फोन लावला. ते म्हणाले, "परवा येतो. तोवर ब्राइटनेस अगदी खाली आणून ठेवा, नाहीतर ती रेघ ट्यूबवर कायमची जळून बसेल." दादाने तसे केले. पडदा जवळजवळ काळाच झाला.

आणि घरात दोन पक्ष पडले.

बाबा आणि दादा 'नवीन घ्या' पक्षाचे. भिंतीवर टांगायचा, पाठ सपाट असलेला, बत्तीस इंची संच बारा हजारांत येत होता. आमच्या जुन्याची पाठीमागची ढेरीच हातभर, आणि तिच्यासाठी टेबलाने अडवलेली जागा वेगळीच. दुरुस्ती पक्षात मी एकटी. हा संच आजोबांनी १९९४ च्या दिवाळीत निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. 'जुने ते सोने' पासून सुरुवात करून मी असे काही भाषण ठोकले, की वक्तृत्व स्पर्धेत एखादा करंडक सहज मिळाला असता. "निर्जीव वस्तूंनाही मन असतं" हे वाक्यही मी त्यात घातले. दादा शांतपणे म्हणाला, "तू शेवटचा टीव्ही कधी पाहिलास?" मी गप्प बसले. खरे सांगायचे तर मी सगळे मोबाइलवरच पाहते. माझे प्रेम त्या संचावर होते की त्यावरच्या माझ्या भाषणावर, हे मलाच ठाऊक नव्हते. आई तटस्थ होती. तिचे म्हणणे एवढेच, की काय ते गणपतीच्या आत ठरवा.

आजीला कोणी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिक आले. आजी नेहमीप्रमाणे आपल्या खुर्चीत बसून बातम्या ऐकत होती. गेले दोन दिवसही ती तशीच बसत होती. जुनी सवय, असे आम्ही मनाशी म्हणालो. तिची सवय खरोखरच जुनी. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुण्यात दिसू लागले, तेव्हा वाड्यातल्या एकुलत्या एका संचापुढे जागा धरायला ती भाकऱ्या लवकर उरकत असे.

मेकॅनिकनी टेबल थोडे पुढे ओढून घेतले आणि संचाकडे पाहून सांगितले, "व्हर्टिकल गेलंय." मी विचारले म्हणजे काय, तर त्यांनी फार छान समजावून दिले. ट्यूबच्या मानेतून निघालेला झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावतो आणि धावता धावता वरून खाली उतरतो. अशा सहाशे पंचवीस ओळी, सेकंदाला पंचवीस वेळा. "आडवं चालू आहे, उभं बंद पडलंय. सगळं चित्र त्या एका रेघेवर येऊन पडलंय, ताई. चित्र गेलेलं नाही, ते उलगडत नाहीये."

"खर्च?" बाबांनी मुद्द्यावर बोट ठेवले.

"आयसी तपकीर गल्लीत मिळतो अजून. एखादा पाय ड्राय सोल्डर झाला असेल तर तोही बघतो. साडेचारशे धरा. पण खोटं बोलत नाही साहेब, ट्यूब दमली आहे. ती गेली तर नवी मिळणार नाही. दोन महिने चालेल, दोन वर्षंही चालेल. टाकायचाच असेल तर नीट जागी द्या. भंगारवाला तांब्यासाठी ट्यूबची मान मोडतो अन् काच कुठंही फेकतो. त्या काचेत शिसं असतं."

बाबा म्हणाले, "मग कशाला दुरुस्त करत बसायचं?"

तेव्हा खुर्चीतून आजी म्हणाली, "अरे पण कशाचं दुरुस्त करताय? चांगला चाललाय की!"

दादा हसला. मग त्याचे हसू थांबले. आईने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. आजीसमोर, चार हातांवर, काळा पडदा आणि त्यावर एक अंधूक रेघ होती.

"आई, तुला चित्र दिसतंय?" बाबांनी विचारले.

आजीने थोडा वेळ पदराचा काठ चाचपला. "पाडव्यापासून धुकंच आहे रे सगळं. म्हटलं, वय झालं. तुम्हाला उगीच व्याप कशाला?"

चैत्र ते श्रावण! रोज संध्याकाळी आम्ही पाचही जणं त्या खोलीत असायचो. एका यंत्राची रेघ आम्हाला क्षणात दिसली. शेजारी बसलेल्या माणसाची नजर मावळत होती, ते पाच महिने कुणाला दिसले नाही. मी मोठी भाषण करणारी, पण दर रविवारी आजीला सुईत दोरा ओवून देताना मलाही शंका आली नाही.

मेकॅनिकनी काही न बोलता पेचकस पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "मी उद्या येतो."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी आणि नियमित तपासणीने राखता येते, असे ते म्हणाले. घरी येताना रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले, "बारा हजार राहू देत बाजूला."

पण संच दुरुस्त झाला तो केवळ पैशांसाठी नव्हे. आजीच्या बोटांना त्याची खट्ट वाजणारी कळ ठाऊक आहे, आवाजाचे गोल बटण किती फिरवायचे ते ठाऊक आहे. केबलच्या रिमोटवर पाचाच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो. त्यावरून ती आपले आकडे शोधते. नव्या संचाच्या पडद्यावरच्या पाट्या तिने कशा वाचायच्या? या खोलीतली एवढी एक गोष्ट ती कुणालाही हाक न मारता करू शकते. ती तिच्याकडून काढून घ्यायला आता दादाही तयार नव्हता. साडेचारशे रुपयांत चित्र पुन्हा उलगडले.

आता संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून मी तिच्याजवळ बसते आणि पडद्यावर काय चालले आहे ते सांगते. वाटते तितके हे सोपे नाही. परवा एका मालिकेतल्या लग्नाचे वर्णन मी अगदी रंगात येऊन केले. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सगळं सांगितलंस गं, पण नवरीच्या शालूचा रंग कुठला, ते राहिलंच की!"

मी पुन्हा पडद्याकडे पाहिले. ट्यूब जुनी आहे, रंग फिकटले आहेत. तरी नीट निरखून सांगितले, "हिरवा. काठ लाल."