भाताची पारख

परदेशात बराच काळ राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सुशी टप्प्याटप्प्याने येते. विद्यार्थिदशेत ती सुपरमार्केटच्या थंड कपाटातील प्लास्टिकच्या डबीतून भेटते, आणि तिच्यातला भात इतका कडक का लागतो हा प्रश्न तेव्हा पडत नाही. नोकरी लागल्यावर सहकाऱ्यांच्या सोबतीने ती मेयोनेझ आणि तळलेली कोळंबी भरलेल्या जाड रोलच्या रूपात ताटात येते. आणि पुष्कळ वर्षांनी, शहर पायाखालचे झाल्यावर, मालक स्वतः फळीमागे उभा राहून एकेक घास हाताने वळून देतो अशा एखाद्या लहान दुकानात हा पदार्थ वेगळाच असल्याचे प्रथम कळते. अशा दुकानाचा शोध मासळीच्या मागे लागून क्वचितच सफल होतो. तो मुख्यतः चांगल्या भाताचा शोध असतो.

सुशीत भाताला हे स्थान सुरुवातीपासून नव्हते. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात आजही होणाऱ्या ‘फुनाझुशी’ या जुन्या प्रकारात खारवलेली मासळी भातात महिनोन्महिने मुरवतात, भात आंबून मासळी टिकते, आणि तो भात पूर्वी टाकूनच दिला जाई. पुढे आंबवण्याऐवजी भाताला व्हिनेगर लावण्याची पद्धत रुळली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात, हाताने वळलेल्या भातावर मासळीचा काप ठेवलेली ‘निगिरी’ लोकप्रिय झाली. तिचे श्रेय परंपरेने हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. १९५८ मध्ये योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावर बशा ठेवणारे दुकान काढले आणि सुशी सामान्यांना परवडू लागली, हे या व्यवस्थेचे मोठेच उपकार होत. मात्र ‘शारी’, म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि साखर लावलेला सुशीचा भात, साठवणीला दाद देत नाही. शीतकपाटात गेला की त्यातील पिष्ट पुन्हा घट्ट बांधले जाऊन दाणा कडक होतो, आणि बाहेर फार वेळ राहिला तर तो सुकतो. अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच तो वळावा आणि लगेच खावा लागतो. साखळी-उपाहारगृहाला उत्तम मासळी विकत घेता येते, पण ही वेळ विकत घेता येत नाही.

लॉस एंजेलिस शहरात या पदार्थाचा प्रवास विशेष स्पष्ट दिसतो. तेथील लिटल टोकियो या वस्तीत १९६० च्या दशकात ‘कावाफुकू’ या उपाहारगृहाने सुशीची फळी मांडली, तेव्हा तिचे पहिले गिऱ्हाईक प्रामुख्याने जपानी व्यावसायिक होते, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या अमेरिकी मंडळींना तिची गोडी लागली. पुढे टॉरन्स, गार्डिना या उपनगरांत जपानी कुटुंबे मोठ्या संख्येने राहू लागली; टोयोटा आणि होंडा या कंपन्यांची अमेरिकेतील मुख्य कार्यालये टॉरन्समध्ये होती, आणि घरच्या चवीची मागणी करणारे गिऱ्हाईक जिथे रोज येते तिथे दुकानदाराला भाताकडे दुर्लक्ष करून चालत नाही. म्हणूनच नव्या शहरात शोध घेणाऱ्याने झगमगत्या मध्यवस्तीपेक्षा जपानी किराणा दुकान कुठे आहे हे आधी पाहावे.

अशी दुकाने बहुधा ‘स्ट्रिप मॉल’मध्ये, म्हणजे पुढे गाड्यांची जागा आणि मागे एका ओळीत बैठी दुकाने अशा साध्या संकुलात असतात, कारण तेथील भाडे एकट्या कारागिराला पेलते. काझुनोरी नोझावा यांचे स्टुडिओ सिटी भागातील दुकान अशाच संकुलात १९८७ पासून २०१२ पर्यंत चालले. कॅलिफोर्निया रोल मागणाऱ्याला तेथे तो मिळत नसे, पण कोमट, सैल भातामुळे ते शहरभर नावाजले. जोनाथन गोल्ड या समीक्षकाने अशाच आडबाजूच्या खाणावळींना आपल्या लेखनात प्रतिष्ठा दिली, आणि २००७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारा तो पहिला उपाहारगृह-समीक्षक ठरला.

‘ताजी मासळी’ या पाटीवर मात्र विसंबू नये. कच्च्या खायच्या बहुतेक मासळीतील परजीवी मारण्यासाठी ती उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस गोठवावी अशी शिफारस अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन करते, त्यामुळे गोठवणे हा दोष नव्हे. ट्यूना तर काही दिवस मुरू दिल्यावरच चवीला उतरतो. खरी परीक्षा मीठ आणि व्हिनेगर लावलेल्या स्वस्त मासळीत होते. ‘कोहादा’ हा लहान चंदेरी मासा किंवा बांगड्याच्याच कुळातला ‘साबा’ यांना किती वेळ मिठात ठेवायचे हे त्यांच्या आकारावर आणि चरबीवर ठरते, आणि तेथे चुकलेला हात महागड्या मासळीने झाकता येत नाही.

मराठी माणसाला भाताच्या परीक्षेची तयारी घरातूनच मिळालेली असते. आंबेमोहोराचा भात मोकळा झाला की गिचका, हे ज्याला पहिल्या घासात कळते त्याला शारीचा दाणा ओळखायला गुरू लागत नाही, मग तो मासळी खाणारा असो वा नसो. शाकाहारी माणसाने काकडीच्या ‘काप्पामाकी’पासून सुरुवात करावी, कारण तिच्यात भाताला लपायला जागाच नसते; तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली ‘इनारी’ आणि सुकवलेल्या दुधीची ‘कानप्यो’ मात्र विचारून घ्यावी, कारण त्या बहुधा ‘दाशी’त, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कढणात, शिजवलेल्या असतात.

एकाच माणसाच्या हातावर चालणारे दुकान त्या माणसाच्या निवृत्तीबरोबर बंद होते आणि त्याचा भात पुन्हा कुठेही मिळत नाही. म्हणून परदेशात असे दुकान ज्यांना सापडले असेल त्यांनी तेथे नेमाने जावे, समोर ठेवलेला घास छायाचित्रासाठी न खोळंबवता लगेच खावा, आणि आठ-दहा जागांच्या त्या फळीवर जागा राखून येणे रद्द झाले तर निदान आदल्या दिवशी कळवावे, कारण त्या दिवसाची मासळी तेवढ्याच माणसांसाठी आणलेली असते.