अल्खेसिरास : दोन पाण्यांमधलें गांव

स्पेन देशाच्या अगदीं दक्षिण टोंकास अल्खेसिरास नांवाचें बंदर आहे. 'हिरवें बेट' अशा अर्थाच्या अरबी शब्दांचा हा अपभ्रंश होय. आज तेथें हिरवळीपेक्षां मालाचे लोखंडी डबे उचलणाऱ्या अजस्र यारीच अधिक नजरेंत भरतात. पूर्वेस खाडीपलीकडे जिब्राल्टरचा खडक बसलेल्या सिंहासारखा दिसतो, आणि आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेस आफ्रिकेचे डोंगर स्पष्ट दिसतात. दोन खंडांमधील ही सामुद्रधुनी जेथें सर्वांत अरुंद आहे, तेथें तिची रुंदी अवघी १४ किलोमीटर भरते. एका बाजूस भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूस अटलांटिक महासागर.

रोंदाच्या पहाडांतून उतरणारी आगगाडी प्रवाशांना येथें आणून सोडते. परंतु बहुतेक लोक रात्रभर मुक्काम करून सकाळच्या बोटीनें मोरोक्कोकडे निघून जातात. इतिहासप्रेमी मनुष्य फार तर १९०६ सालीं मोरोक्कोच्या प्रश्नावर येथें भरलेल्या राष्ट्रांच्या परिषदेची आठवण काढील. मीं मात्र तेथें उतरलों तो या गांवच्या एका गिटारवादकासाठीं. बंदराजवळ त्याचा गिटार घेतलेला ब्राँझचा पुतळा आहे. जगांत तो पाको दे लुसिया या नांवानें प्रसिद्ध आहे.

हें नांव मोठें मजेचें आहे. त्याचें खरें नांव फ्रान्सिस्को सांचेस गोमेस. जन्म २१ डिसेंबर १९४७. 'पाको' हें फ्रान्सिस्कोचें घरगुती रूप. आणि आळींत पाको नांवाचीं पोरें इतकीं, कीं ओळखावयाचें तें आईच्या नांवानें. आई पोर्तुगीज, तिचें नांव लुसिया. म्हणून हा 'लुसियाचा पाको'. आपल्याकडे राधेय, कौंतेय, सत्यकाम जाबाल हीं नांवें मातेवरूनच पडलीं. साक्षात् पाणिनीला 'दाक्षीपुत्र' म्हणतात. पुढें १९९८ मध्यें त्यानें आपल्या एका ध्वनिमुद्रिकेला आईचेंच नांव दिलें.

त्याचें बालपण गांवच्या ला बाहादिया या गरीब वस्तींत गेलें. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धानें देश खंगला होता. वडील अंतोनियो सांचेस दिवसा पडेल तें काम करीत आणि रात्रीं गिटार वाजवून चार पैसे मिळवीत. घरांत पांच मुलें. पाको सर्वांत धाकटा. वडील भाऊ रामोन गिटार वाजवी, पेपे गात असे. वडिलांनीं पाकोच्या हातीं वाद्य दिलें तें कौतुकासाठीं नव्हे, तर पोटाचा मार्ग म्हणून. शाळा लवकरच सुटली, आणि रोज तासन्‌तास, कधीं कधीं बारा बारा तास, रियाझ सुरू झाला. १९५८ सालीं गांवच्या नभोवाणीवर त्यानें प्रथम वाजविलें, आणि थोड्याच वर्षांत होसे ग्रेको यांच्या नृत्यसंचाबरोबर तो परदेशीं फिरूं लागला.

येथें फ्लामेंको संगीताविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. अंदालुसिया प्रांतांत तेथील लोक व जिप्सी यांच्या सहवासांतून तें घडलें. जिप्सींचे पूर्वज हिंदुस्थानांतून गेले, ही गोष्ट भाषाशास्त्रानें सिद्ध केली आहे. स्पेनमधील जिप्सी स्वतःच्या बोलीला 'कालो' म्हणतात. त्यांत आपला 'काळा' सहज ओळखूं येतो. पाण्यालाही त्यांचा शब्द 'पानी' असाच आहे. पण एवढ्यावरून तें संगीत आपलेंच आहे असें म्हणणें हा पोकळ अभिमान होईल. त्याचें घर अंदालुसियाच. 'सोलेआ' या प्रकारांत बारा मात्रांचें आवर्तन असतें. परंतु जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर पडतो. आपला एकतालही बारा मात्रांचाच, परंतु त्याची चाल सर्वस्वीं निराळी.

या संगीतांत मुख्य मान गायकाचा. गिटार म्हणजे आपल्याकडील तबल्यासारखी साथ. तिला स्वतंत्र बैठकीचा मान मिळवून देणाऱ्यांत रामोन मोंतोया हे अग्रणी. पुढें साबिकास या थोर वादकानें १९३६ मध्यें स्पेन सोडला व नंतर न्यूयॉर्क येथें तो स्थायिक झाला. त्यानें कोवळ्या पाकोला उपदेश केला, कीं दुसऱ्यांचें वाजवीत बसूं नकोस, स्वतःचें रच. हा उपदेश पाकोनें जन्मभर पाळला.

तरीही साथीचा धर्म त्यानें सोडला नाहीं. कामारोन दे ला इस्ला या जिप्सी गायकाबरोबर त्यानें १९६९ पासून १९७७ पर्यंत एकामागून एक ध्वनिमुद्रिका केल्या. १९७३ सालीं 'दोन पाण्यांमध्यें' या अर्थाच्या नांवाची त्याची एक रचना निघाली, आणि ती घरोघर पोंचली. १९७५ मध्यें माद्रिदच्या राजेशाही नाट्यगृहांत त्याची मैफल झाली. जें संगीत गुत्त्यांतलें म्हणून हिणविलें जाई, तें प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत मानानें बसलें. पेरू देशांतील 'काखोन' नांवाची लांकडी पेटी त्यानें आपल्या संचांत आणली; आज ती फ्लामेंकोची जन्मजात सोबतीण वाटते. १९८० सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें तो अल दि मेओला व जॉन मॅक्‌लाफलिन यांच्यासह वाजला. हेच मॅक्‌लाफलिन त्यापूर्वीं मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्यासमवेत 'शक्ति' या संचांत वाजवीत होते. स्वरलिपि वाचण्याचें शिक्षण नसतांही पाकोनें रोद्रिगो यांची अरान्खुएसची प्रसिद्ध रचना आत्मसात केली, आणि १९९१ मध्यें वृद्ध, अंध रचनाकारासमोर ती वाजविली.

हें सर्व खरें. परंतु आयुष्यभर मुलांना शिकविलेल्या माणसाच्या मनांत एक प्रश्न राहतोच : बारा बारा तास कोंडलेल्या त्या पोराच्या बालपणाचें काय? बापानें मुलगा घडविला, कीं मुलाचें खेळणें हिरावून घेतलें? माझ्या मतें दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी झांकूं नये. शाळा सुटली हा तोटाच होता. यशानें तो भरून निघाला असें कोणीं म्हणूं नये. परंतु त्या घरांत रियाझ ही शिक्षा नव्हती, ती घराची भाषा होती. बाप स्वतः वाजवी, भाऊ वाजवी, भाऊ गाई. मूल जसें बोलणें शिकतें तसें तो ताल शिकला. आज आपल्या घरांत तंबोऱ्याला धूळ चढलेली असते आणि मुलाला मात्र शिकवणीस धाडून आपण तासांचा हिशेब मागतों. अशानें फक्त सक्ति उरते, संगीत उरत नाहीं. त्या बापाचें अनुकरण करावयाचें असेल, तर प्रथम आपण वाद्य हातीं घ्यावें, आणि मुलाचें पुस्तक मात्र सोडवूं नये.

कामारोन १९९२ मध्यें वारला. पाकोला २००४ सालीं स्पेनचा अस्तुरियासच्या युवराजांच्या नांवचा कलापुरस्कार मिळाला. २५ फेब्रुवारी २०१४ रोजीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, मेक्सिकोच्या समुद्रकांठीं हृदयविकारानें तो गेला. त्याचा देह महासागर ओलांडून अल्खेसिरास येथें आणण्यांत आला, व तेथेंच त्याचें दफन झालें. आफ्रिकेस निघालेल्या प्रवाशानें एखादी बोट चुकवावी, आणि दोन पाण्यांमधल्या या गांवांत घटकाभर थांबावें, एवढी या बंदराची योग्यता खास आहे.