साडेसातची बस

2013 साली पुण्यात नोकरीला लागलो. पहिलंच काम एका पतसंस्थेच्या कर्जयादीचं. ज्याचा हप्ता थकलाय त्याची ओळ लाल दिसावी, एवढंच. मी रेझरच्या व्ह्यूमध्ये सरळ इफ लिहिला: तारीख उलटली असेल तर लाल स्टाइलचा अख्खा टीआर, एल्समध्ये तोच अख्खा टीआर, बिनरंगाचा. सात रकाने, दोनदा.

महिन्याभराने एक रकाना वाढला. तो मी वरच्या टीआरमध्ये टाकला, खालच्यात विसरलो. थकबाकीदारांचे आकडे जागेवर, बाकी सगळ्यांचे एक घर सरकलेले. वसुलीची यादी त्याच संध्याकाळी छापायची होती.

शेजारच्या मॅडमची कंपनीची बस साडेसातला सुटायची. सात वाजून गेले होते. त्या खुर्ची ओढून बसल्या. "ओळ एकच ठेव," म्हणाल्या, "बदलतंय तेवढंच बाजूला काढ." टीआरच्या वर त्यांनी एक व्हेरिएबल लिहिलं: थकलं असेल तर क्लासचं नाव, नसेल तर नल. मग व्ह्यू सोर्स उघडून दाखवलं. नल असेल तर रेझर क्लास हे अ‍ॅट्रिब्यूटच छापत नाही, रिकामी अवतरणचिन्हंसुद्धा मागे राहत नाहीत. ही सोय 2012च्या आवृत्तीत आलेली. मला तिचा पत्ताच नव्हता. तारखांची तुलनाही त्यांनी व्ह्यूमधून उचलून मॉडेलमध्ये नेली.

क्लासला मी 'रेड-रो' नाव दिलं होतं. त्यांनी ते खोडलं. "त्या माणसाचा हप्ता राहिलाय, ते लिही. लाल की पिवळं, ते सीएसएस बघेल." आणि 'ओव्हरड्यू' लिहिलं.

दोन वर्षांनी कळलं की त्या पतसंस्थेच्या एका लेखनिकाला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही. तो इतके दिवस प्रत्येक तारीख बोटाने तपासत होता. वेबच्या सुलभतेचे 2008चे नियम सांगतात की माहिती नुसत्या रंगावर सोडू नये. मी सीएसएसमध्ये 'ओव्हरड्यू'ला डावीकडे जाड काळी रेघ दिली, रकान्यात 'थकीत' हा शब्द घातला. अर्ध्या तासाचं काम. मॅडमनी ते नाव बदललं नसतं, तर 'रेड-रो' नावाखाली काळी रेघ ओढावी लागली असती आणि माझ्यानंतर येणारा प्रत्येक जण चकला असता.

त्यांना हे सांगायचं होतं, पण तोवर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी यादी छापून झाली तेव्हा आठ वाजले होते. बस गेलेली. त्या रिक्षाने घरी गेल्या. भाडं किती झालं, हे विचारायचंही मला सुचलं नाही.