मागच्या दाराची काच

ठाकुरद्वाराजवळच्या ज्या गल्लीत माझ्या मामांचे बिऱ्हाड आहे, त्या गल्लीत मोटार उभी करणे म्हणजे परक्याच्या अंगणात पथारी पसरण्यासारखे आहे. तेथील जागेवर पहिला हक्क चेंडूफळीचा. त्यानंतर हातगाड्यांचा, मांडवाच्या वाशांचा आणि सरतेशेवटी, कोणाची हरकत नसेल तर, मोटारींचा. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण त्याच गल्लीत मीही फळी फिरवलेली आहे. तरीसुद्धा गेल्या नाताळच्या सुट्टीत मी तेथे गाडी उभी केली आणि निर्धास्त मनाने वर चहा घेण्यास गेलो.

निमित्त आमच्या माईंचे होते. माईंना चौऱ्याऐंशी वर्षे पुरी झाली आहेत, आणि वर्षातून एकदा तरी भावाचे तोंड पाहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. आता दादरहून भुयारी मेट्रो थेट गिरगावात जाते. परंतु जमिनीच्या पोटात सीतामाईखेरीज कोणी आपणहून गेल्याचे ऐकिवात नाही, असे माईंचे म्हणणे आहे. तेव्हा हिंदु कॉलनीतून गाडीच काढावी लागली.

चहाचा पेला ओठाला लागतो न लागतो तोच खालून एक आवाज आला. तो फुटण्याचा म्हणावा तसा नव्हता. धान्याचे पोते एकाएकी उसवावे तसा काहीसा होता. गॅलरीत येऊन पाहतो तो गल्ली निर्मनुष्य! चार क्षणांपूर्वी जेथे दहाबारा पोरे कल्ला करीत होती, तेथे एकच मुलगा हातात बॅट धरून माझ्या गाडीपाशी उभा होता. मी खाली पोहोचताच त्याने विचारण्यापूर्वीच सांगितले, "काका, माझ्या बॅटीने गेली. मी समोरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो." वय फार तर दहा. डोळ्यांत पाणी नव्हते. पण बॅटीवरची बोटे पांढरी पडली होती.

मागच्या डाव्या दाराची काच होती म्हणावी अशी राहिलीच नव्हती. आसनावर, पायाशी, दाराच्या फटीत सर्वत्र तिचे कण पसरले होते. माईंनी वरून विचारले, "खडीसाखर सांडली की काय रे?" उपमा अगदी चपखल होती. मोटारीच्या समोरची काच दोन पातळ काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकली तरी कोळ्याच्या जाळ्यासारखी जागच्या जागी राहते, आणि लहानसा टवका उडाला असेल तर तो भरूनही काढता येतो. बाजूच्या काचा बहुतेक मोटारींत निराळ्या जातीच्या असतात. त्या तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड केलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर दाब आणि अंतर्भागात ताण कायमचा कोंडलेला राहतो. घाव मर्मी बसला की तो ताण एकदम मोकळा होतो आणि सारी काच बोथट कणांच्या रूपाने खाली येते. माणसाला मोठी जखम होऊ नये म्हणून केलेली ही योजना. पण तिचा दुसरा अर्थ असा की अशी काच दुरुस्त होत नाही. ती बदलावीच लागते, आणि दाराच्या पोटात गेलेले कण काढण्यासाठी आतले आवरणही उतरवावे लागते.

मामींनी केरसुणी आणि सुपली दिली. मुलगा न सांगता कण भरू लागला. मीच त्याला दूर केले. माईंना पुढल्या आसनावर बसवून, मागून येणारा वारा खात आम्ही घरी परतलो.

त्या रात्री आमच्या घरी जी सभा भरली तिच्या तोडीची सभा मुंजीच्या याद्या करतानाही भरत नाही. वहिनींचे म्हणणे, विमा कशासाठी उतरवतात? धाकट्या पुतण्याने तर फोनवर कंपनीचा अर्ज उघडूनही ठेवला. त्यात एक रकाना होता: अपघात कसा घडला, आणि त्यात कोणा दुसऱ्याचा संबंध असल्यास त्याची माहिती. दादा चटकन म्हणाले, "त्यात काय लिहायचे! गाडी उभी होती, काच फुटलेली आढळली. कोणी फोडली ठाऊक नाही. त्या पोराचे नाव कशाला कागदावर घालता?" दादांचा हेतू वाईट नव्हता. किंबहुना त्या क्षणी घरात सर्वांत दयाळू तेच दिसत होते.

कोपऱ्यातील आरामखुर्चीतून काकांचा आवाज आला, "म्हणजे पोराने खरे सांगितले, आणि तुम्ही खोटे लिहिणार."

काकांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ते १९६९ साली फोर्टातील एका खाजगी विमा कंपनीत कारकून म्हणून लागले. १ जानेवारी १९७३ रोजी सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ कंपन्यांच्या चार झाल्या, तेव्हा टेबल तेच राहून त्यांचे मालक तेवढे बदलले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मोटारींचे दावे तपासले. पोचे आलेले दार पाहून गाडी कोणत्या बाजूने ठोकली गेली हे ते अजूनही सांगतात, आणि लग्नकार्यात मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहून सांगतात, ही खरी अडचण आहे.

"आधी तुझे विमापत्र कोणत्या जातीचे ते पाहा," काका मला म्हणाले. पुष्कळांची समजूत असते की विमा घेतला म्हणजे सर्व काही आले. तसे नाही. कायद्याने जो विमा सक्तीचा आहे तो दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. १९३९ च्या मोटार कायद्यातील ती सक्ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अंमलात आली, आणि १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमाने ती आजही कायम आहे. एवढाच विमा ज्याच्यापाशी आहे त्याच्या स्वतःच्या गाडीच्या चारही काचा गेल्या तरी कंपनी एक पै देणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा जोडून घ्यावा लागतो. माझ्यापाशी तो होता.

त्या विम्यात काचेचा मान मोठा आहे, हे मला त्या रात्री प्रथमच समजले. जुन्या गाडीचा भाग नवा बसवला की कंपनी त्यावर घसारा कापते: रबर, नायलॉन, प्लॅस्टिक यांवर निम्मा, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जाणारा. काचेवर मात्र घसारा नाही. गाडी एक वर्षाची असो की नऊ वर्षांची, काचेची किंमत पुरी धरतात. ती कशाने फुटली यालाही बरीच मुभा आहे. बाहेरून बसलेला अपघाती आघात, चोरी, दंगल, संप, कोणाचा खोडसाळपणा, वादळ, पूर, गारा, सारे त्यात बसते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात आमच्या कॉलनीतील एका शेजाऱ्यांच्या गाडीवर अख्खे झाड आडवे झाले. छप्पर, दारे, काचा, कशाचाही आकार उरला नाही. त्यांनी दावा केला आणि तो योग्यच केला. उलट माझ्या भाच्याच्या गाडीची काच परळला पुलाखाली फोडून चोरट्याने आतली पिशवी लांबवली, तेव्हा पोलिसांचा कागद जोडल्यावर काचेचे पैसे मिळाले, पिशवीचे नाहीत. विमा गाडीचा होता, तिच्यातील सामानाचा नव्हता. तो बिचारा अजून त्या पिशवीतील डब्याची हळहळ करतो.

"मग आपलाही दावा सरळ आहे," मी म्हणालो.

"सरळ आहे, पण शहाणपणाचा आहे का ते मांडून पाहा." काकांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. गॅरेजवाल्याने काच, रबरी पट्टी, मजुरी आणि कर मिळून ४,२०० रुपये सांगितले होते. त्यातून माझ्या विमापत्राप्रमाणे प्रत्येक दाव्यात मालकाने सोसावयाचे १,००० वजा; ४०० रुपयांच्या रबरी पट्टीचा निम्मा घसारा २०० वजा. हाती येणार ३,०००. आता दुसरी बाजू. मी पाच वर्षांहून अधिक काळ दावा केलेला नाही, म्हणून स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मला निम्मी सूट मिळते. तो मूळ हप्ता धरा ९,०००. एक दावा केला की सूट शून्यावर येते, आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचण्यास पाच वर्षे लागतात. पहिल्या वर्षी जादा ४,५००, नंतर २,७००, २,२५०, १,३५०, ४५०. मूळ हप्ता तोच राहील असे धरले तर बेरीज ११,२५०. "तीन हजार घेऊन सव्वाअकरा हजार देणार," काका म्हणाले. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ही सूट शाबूत राखण्याचे संरक्षण देतात. मी ते घेतलेले नव्हते. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी तो रकाना येतो आणि दरवर्षी मी तो वाचल्यावाचून पुढे जातो.

"आणि नाव लिहिले असते तर त्या पोराला काही झाले असते का?" वहिनींनी विचारले.

काका म्हणाले, "भरपाई दिली की ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याकडून ती मागण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे जातो. एवढ्याशा रकमेसाठी दहा वर्षांच्या मुलामागे कोणी लागत नाही. पण ते न लागण्याचे श्रेय कंपनीचे. आपण खोटे लिहिण्याचे कारण ते नव्हे. विमा हा परस्परांच्या विश्वासावरचा करार आहे. एकदा खोटे लिहिलेत की खरा मोठा दावा घेऊन जाल त्या दिवशी तुमच्या खऱ्यालाही किंमत राहणार नाही."

दावा न करण्याचे ठरले. घरातील सर्वांनी माझ्याकडे थोड्या कौतुकाने पाहिले. ते कौतुक मी मुकाट्याने स्वीकारले. पण खरे सांगावयाचे तर माझ्या औदार्याला पाकिटाच्या पाठीवरील बेरजेचा भक्कम आधार होता. आकडे उलट पडते तर मी काय केले असते, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पुढल्या रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर पस्तिशीचे एक गृहस्थ उभे होते. मामांकडून पत्ता घेऊन आले होते. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याच्या डंकावर ते काम करीत. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, हे बोलण्याच्या ओघात कळले. आत येऊन बसताच त्यांनी खिशातून एक पाकीट काढून मेजावर ठेवले. "मुलाने सांगितले. साहेब, काचेचे किती झाले?"

मी पटकन म्हणालो, "छे, छे! त्याची काही जरूर नाही. विम्यातून मिळाले सारे."

आरामखुर्चीत काकांनी वर्तमानपत्र किंचित खाली केले. जे खोटे अर्जावर लिहिण्यास मी आदल्या रविवारी तयार नव्हतो, ते मी पाहुण्याच्या तोंडावर सहज बोलून गेलो होतो.

ते गृहस्थ पाकिटाकडे पाहत म्हणाले, "सारे नाही मिळाले साहेब. आमच्या शेठच्या गाडीची काच गेली होती तेव्हा हजार रुपये त्यांना भरावे लागले होते. आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढला, त्याची कुरकुर आम्ही वर्षभर ऐकली. तुमचा पण वाढणार ना?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. काकांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि काय घडले ते त्यांना सरळ सांगितले: दावा केलेला नाही, का केलेला नाही, खर्च किती आला. आणि वर हेही सांगितले की दावा न करणे हा आमच्या सोयीचा भाग होता, त्याचा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नव्हे. मला अतिशय ओशाळल्यासारखे झाले. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर मात्र प्रथमच थोडा मोकळेपणा आला. ते म्हणाले, "मग माझे किती, ते सांगा. काही घेतले नाही तर घरी जाऊन मी त्याला काय सांगू? खरे बोलला म्हणून फुकट सुटला, असे?"

बराच वेळ ओढाताण झाली. ते चार हजार दोनशे देण्यास निघाले होते. मी काही घेण्यास तयार नव्हतो. शेवटी काकांनीच तोड काढली. "विमापत्रात मालकाने सोसावयाची रक्कम एक हजार आहे. ती तुम्ही द्या. बाकीची आमची."

पाकिटातून पाचशेच्या दोन नोटा बाहेर आल्या. तोवर माईंनी आतून पोह्यांची बशी पाठवली. ते संकोचाने चार घास खाऊन उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "साहेब, एक पावती मिळेल का? त्याला दाखवायला."

मी टेबलाच्या खणातून कागद काढला. मागच्या डाव्या दाराच्या काचेपोटी रुपये १,००० रोख मिळाले, असे लिहून खाली तारीख घातली आणि सही केली. त्यांनी तो वाचला, मुलाचे नाव घालावयाचे राहिले म्हणून परत माझ्या हातात दिला. मी नाव घातले. कागदाची चौघडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि लालबागला जाण्यास बस कोठून मिळेल ते विचारून जिना उतरले.